मोनिका कंडक्टरचं पाणी

मोनिका भिंगारदिवे माझ्या पहिल्यांदा नजरेत भरली ती शाळेच्या रांजणापाशी. वर्गात ती त्याआधीही बसत असणार, पण पाचवीच्या पन्नास मुलींतून एखादी वेगळी होऊन समोर यायला काहीतरी निमित्त लागतं. तिसगावच्या बाजूच्या त्या शाळेत मी नुकतीच बदलून आले होते. मधल्या सुट्टीत मुली पाण्यासाठी झोंबायच्या. त्या गर्दीत तेल चोपडलेल्या दोन वेण्यांची एक सडपातळ मुलगी ओगराळं घेऊन उभी असायची आणि एकेकीच्या ओंजळीत पाणी ओतायची. धार इतकी नेमकी, की खाली थेंब पडत नसे. घंटा झाली की रांजणावर झाकण ठेवून ती वर्गात यायची. स्वतः प्यायची नाही.

दोन-तीन दिवस पाहिल्यावर मी तिला थांबवलं.

"तुला तहान लागत नाही का गं?"

"लागती की."

"मग?"

"मग घरी गेल्याव पिते."

"घर तर संध्याकाळी. इथे का नाही पीत?"

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "पानी प्यालं की जावं लागतं, बाई."

शाळेत मुलींसाठी सोय होती. पण मोनिकाची सवय शाळेतली नव्हतीच. दिवाळी झाली की तिचे आईवडील ऊस तोडायला देवळाली प्रवरेकडे जायचे आणि ही त्यांच्याबरोबर. तोड झालेल्या रानात आडोसा राहत नाही आणि भोवती सगळी गडीमाणसं. म्हणून तिची आई, भीमाबाई, दिवसभर पाण्याला शिवायची नाही. उजाडायच्या आत एकदा जायचं आणि मग अंधार पडल्यावर. पोरीनेही तेच उचललं. पाचव्या-सहाव्या वर्षी अंगवळणी पडलेली गोष्ट बाईंनी समजावून सुटत नाही. मी समजावत राहिले, ती मान डोलवत राहिली आणि ओगराळं काही तिच्या तोंडाला लागलं नाही.

सातवीनंतर ती नगरला मिशनच्या वसतिगृहात गेली आणि माझ्या डोळ्यांआड झाली. पुन्हा दिसली ती एकदम पाथर्डी–नगर गाडीत. अंगात खाकी पोशाख, गळ्यात तिकिटाचं मशीन, आणि आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपलेला माणूस उठून बसावा.

"बाई! तुमी? ए मोबाईलवाल्या, ऊठ. व्हय, तूच. आमच्या बाई हायेत, बसू दे त्यांना."

एप्रिलचं ऊन होतं. करंजीच्या घाटात मी माझी पाण्याची बाटली तिच्यापुढे केली. तिने ती घेतली आणि शेजारच्या म्हातारीला दिली.

"अजून तेच का गं?" मी विचारलं.

ती ओळखून हसली. "गाडीत तर आनखी वांदे, बाई. साठ मानसांम्होरं ड्रायव्हरला काय सांगू, थांबव म्हनून?"

या सवयीपायी ती दोनदा मूतखड्याने आडवी झाली होती, हे मला नंतर समजलं.

मी निवृत्त झाले त्या वर्षी शाळेची शेवटची सहल कळसूबाईला नेली. मुली मोठ्या होत्या, सोबत खमकं बाईमाणूस हवं, म्हणून मी मोनिकाला विचारलं. ती रजा टाकून आली. आयुष्यात ती डोंगर असा पहिल्यांदाच चढत होती, तीही चपलेवर आणि दमलेल्या मुलींच्या दोन पिशव्या खांद्याला अडकवून. लोखंडी शिड्यांपाशी रडणाऱ्या पोरींना ती "चला, पुढं सरका, आत लई जागा हाय," म्हणून वर ढकलत होती. मी माथ्यावर पोचले तेव्हा ती देवळामागच्या कातळावर एकटी बसलेली होती.

"बाई," ती म्हणाली, "हितं कुनी हात दाखवत न्हाई."

गाडीला हात दाखवतात तसा. मला ते वाक्य फार आवडलं. तिलाही ती जागा आवडली असावी, कारण त्यानंतर ती डोंगर सोडेना. नगरचे डोळ्यांचे डॉक्टर हेमचंद्र प्रॅक्टिस बंद केल्यापासून दर रविवारी पंधरा-वीस जणांना घेऊन डोंगरांवर जातात. मोनिका आपली साप्ताहिक सुट्टी जुळवून त्यांच्यात जाऊ लागली. रतनगड झाला, हरिश्चंद्रगड झाला. आणि गेल्या वर्षी डॉक्टरांनी आफ्रिकेतल्या किलिमांजारोला जायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी हात वर केला तो हिने.

मी तिला म्हटलं, "एवढ्या लांब कशाला गं?"

"बाई, आजवर जिथं गेले तिथनं त्याच गाडीनं म्हागारी आले. येकदा तरी दुसरीकडं पोचून बगायचंय."

बचत गटात वर्षानुवर्षं टाकलेलं सगळं तिने त्यात घातलं. डॉक्टरांनी पाठीवर वजन घेऊन रोज चालायला सांगितलं होतं. हिने पिशवीत ज्वारी भरली आणि गिरणीपर्यंत चालत जाऊन येऊ लागली. "डॉक्टरांचा सराव बी झाला आन् आईचं दळन बी," असं मला फोनवर सांगायची. शेजारपाजारच्या बायका आपापली पायली तिच्या दारात आणून ठेवायला लागल्या, तेव्हा कुठे तिने ज्वारीऐवजी वाळू भरली.

जाण्याआधी डेपोतल्या सोबत्यांनी तिला शाल आणि नारळ दिला. तिच्या गाडीवरचा ड्रायव्हर कल्याण मोठा बोलका माणूस. तो भाषणात म्हणाला, "मोनिकाताई, तिकडं गाडीत सिंह चढला तर तिकीट कसं फाडनार?"

"सिंह आसंल तर फुल," मोनिका बसल्या जागेवरून म्हणाली, "सिंहीन आसंल तर हाफ. सरकारी नियम हाय, कल्याणभाऊ."

आणि गावात फ्लेक्स लागला. आपल्याकडे कौतुकाला धीर नसतो. ती विमानात बसायच्या आधीच वेशीवर तिचा फोटो, मागे बर्फाचा डोंगर आणि वर ठळक अक्षरांत 'किलिमांजारो सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांचे चेहरे. मोनिकाने तो पाहिला आणि वेशीवरून जाणंच सोडलं.

पुढचं सगळं तिने मला परत आल्यावर, माझ्या घराच्या ओट्यावर बसून सांगितलं. त्यातलं काही मी डॉक्टरांकडून ऐकलं. पण मुख्य गोष्ट तिने त्यांनाही सांगितलेली नव्हती.

डोंगराच्या पायथ्याला दाट जंगल आहे. झाडांवरून शेवाळाच्या दाढ्या लोंबतात. सामान वाहणारे लोक डोक्यावर तंबू, भांडी, भाजी घेऊन भराभरा पुढे निघून जातात आणि पाहुण्यांना मात्र वाटाड्या मुद्दाम हळू चालवतो. त्यांच्या वाटाड्याचं नाव एमानुएल. उंच, शांत, पन्नाशीचा माणूस. तो सारखा "पोले पोले" म्हणायचा, म्हणजे सावकाश.

"कल्याणभाऊ भरलेली गाडी घाटात पयल्या गिअरला घालत्यात ना, तशी चाल," मोनिका म्हणाली. "पयल्या दिवशी वाटलं, ह्या चालीनं वर पोचायला नाताळ येतोय."

पहिल्या मुक्कामावर सामानवाले गोल करून गात होते. त्यातल्या एका गाण्याची चाल तिला ओळखीची वाटली. तिच्या चर्चमध्ये म्हणतात त्याच उपासनागीताची चाल, शब्द फक्त त्यांच्या भाषेतले. तिने आपले मराठी शब्द मिसळून दिले. कुणी दचकलं नाही. सामानवाल्यांत एक बाई होती, नीमा नावाची, तिच्याच वयाची. तिने सरकून मोनिकाला आपल्या शेजारी जागा करून दिली.

एमानुएलचा एकच नियम कडक होता. पाणी. उंचावर हवा विरळ होते, अंगातलं पाणी झपाट्याने जातं, आणि कमी प्यायलेला माणूस आधी आजारी पडतो. सकाळी तो प्रत्येकाच्या बाटल्या उकळून गार केलेल्या पाण्याने भरून द्यायचा आणि संध्याकाळी त्या रिकाम्या झाल्यात की नाही ते बघायचा. मग बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजायचा.

मोनिकाच्या बाटल्या रोज रिकाम्या असायच्या. एमानुएल खूश होऊन "व्हेरी गुड, मामा" म्हणायचा. तिकडे बाईमाणसाला आदराने मामा म्हणतात, याचं तिला फार हसू यायचं.

इथपर्यंत सांगून तिने ओट्याजवळ दुसरं कुणी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाली, "बाई, मी ते पानी ओतून देत हुते."

"ओतून? कुठे?" मी विचारलं.

"मुक्काम यायच्या आदी मागं राहायचं, बुटाची नाडी बांधल्यागत करायचं, आन् दगडाआड ओतायचं. पुढं गडीमानसं, मागं गडीमानसं. झाडं संपली की निस्ता मोकळा डोंगर. जायचं कुठं? म्हनलं, पानीच नको. आक्की पाथर्डी टँकरच्या मागं पळती, आन् मी पाथर्डीची पोरगी तिथं पानी ओततीय! आईनं बगितलं असतं तर कानफटात दिली असती."

तिसऱ्या दिवशी त्यांची वाट लाव्हा टॉवर नावाच्या काळ्या सुळक्याखालून गेली. ही जागा कळसूबाईच्या दुपटीहून कितीतरी उंच. तिथे तिचं डोकं फुटायला आलं आणि ती ओकली. खाली बरांकोच्या मुक्कामावर ती कुणाचा तरी हात धरून पोचली. एमानुएलने चिमटा लावला, आकडा पाहिला, पुन्हा लावला. "पाणी?" त्याने विचारलं. तिने रिकाम्या बाटल्या दाखवल्या. त्याला कोडंच पडलं.

मग तो डॉक्टरांशी बोलला आणि डॉक्टरांनी तिला सांगितलं, "मोनिका, उद्या करंगाच्या मुक्कामापर्यंत चल. तिथून खाली जायची वाट आहे. डोकं असंच राहिलं तर तो तुला पुढे नेणार नाही. बरोबर आहे त्याचं."

"डॉक्टरसाहेब, मी चालंन हो."

"चालशील गं. पण शरीर ऐकत नाहीये. कारण काही सापडत नाही. पाणी तर पितेस ना?"

कारण तिच्या जिभेवर आलं होतं. पण डॉक्टर वडिलांच्या वयाचे. त्यांना सांगायचं आणि त्यांनी ते इंग्रजीत एमानुएलला सांगायचं, म्हणजे सगळ्या तंबूत त्याची चर्चा. ती "व्हय, पिते," म्हणाली. तंबूत जाऊन पडली. डोळ्यांपुढे वेशीवरचा तो फ्लेक्स यायला लागला. "बाई, मला वाटलं, आता म्हागारी कुठल्या तोंडानं जायचं? अभिनंदन तर आदीच झालंय."

दुसऱ्या दिवशी करंगाला पोचताना एक खोल घळ लागते. तळाशी ओढा, आणि तो ओलांडून उभी चढण चढलं की मुक्काम. एमानुएलने ओढ्यापाशी सांगितलं की वर जाताना हे शेवटचं पाणी. पुढच्या बराफूच्या मुक्कामावर पाण्याचा थेंब नाही. इथलंच पाणी माणसं वाहून वर नेतात.

मोनिका कशीबशी चढली. मुक्कामावर आल्याबरोबर ती कडेच्या एका दगडामागे जाऊन बसली. संध्याकाळची तपासणी व्हायची होती. तिने बाटलीचं झाकण काढलं.

तेवढ्यात खालच्या चढणीवर नीमा दिसली. घळीतून वर येत होती. डोक्यावर पाण्याचा पिवळा कॅन, एक हात कॅनला, दुसरा गुडघ्यावर. दर चार पावलांनी थांबायची, दम घ्यायची. आणि कॅनखाली कापडाची गोल चुंबळ.

"आईची चुंबळ अशीच हुती," मोनिका मला म्हणाली. "जुन्या लुगड्याची. विहिरीवरनं येताना ती बी अशीच गुडघ्याव हात ठिवायची. बाई, माझा हात तिथंच थांबला. मी कुनाचं पानी ओतत हुते, ते मला तवा दिसलं."

तिने बाटली तोंडाला लावली आणि सगळी संपवली. तंबूत जाऊन दुसरी आणली, तीही प्यायली. मग व्हायचं ते झालं. मुक्कामावर मोरीचा छोटा तंबू होता, पण तो जेवणाच्या तंबूच्या समोरच आणि दारात सगळी मंडळी चहा घेत बसलेली. मोनिका उठून नीमाकडे गेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मोनिकाने पोटावर हात ठेवला, मंडळींकडे डोळे फिरवले, आणि मान खाली घातली.

नीमा खळखळून हसली. कमरेचं छापील कापड तिने सोडलं, मोनिकाचा दंड धरला आणि तिला खडकांच्या मागे घेऊन गेली. तिथे मोनिकाकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून, ते कापड धरून वाऱ्यात उभी राहिली. उभ्या उभ्या गाणं म्हणत होती.

"मी बसल्या बसल्या रडले, बाई. आन् हसू बी येत हुतं. म्हनलं, आफ्रिकेत येऊन काय बगितलं, तर ह्ये!"

त्या संध्याकाळी आणि रात्रीपर्यंत ती नुसती पीत राहिली. सकाळी डोकं हलकं झालं होतं. एमानुएलने चिमटा लावला, आकडा पाहिला आणि तिच्याकडे रोखून बघितलं.  मग तिच्या सगळ्या बाटल्या भरून त्याने तिच्या हातात दिल्या आणि वरच्या वाटेकडे बोट केलं.

पण नीमा तर ओझं घेऊन कधीच पुढे निघून गेलेली. वाटेत तासाभराने मोनिकाला पुन्हा जावंसं वाटलं. समोर एमानुएलची पाठ, मागे डॉक्टर. ती काही पावलं तशीच चालली. मग थांबली.

"म्हनलं, गाडी थांबवायची म्हंजे सिंगल बेल. आपलं रोजचंच काम. मी मोठ्यानं म्हनलं, 'एमानुएल, स्टॉप! मला जायचंय.'"

एमानुएल थांबला. "येस, मामा," म्हणाला आणि सगळ्या पुरुषांना घेऊन वाटेच्या पुढच्या वळणावर गेला, पाठ करून उभा राहिला. तो वर्षानुवर्षं माणसं वर नेतो, त्याला यात काही नवीन नव्हतं. नवीन गोष्ट वेगळीच झाली. त्यांच्या गटात आणखी तीन बायका होत्या, चांगल्या शिकलेल्या, नोकऱ्या करणाऱ्या. त्या तिघी एका सुरात म्हणाल्या, "अगं थांब, आम्ही पण!"

"त्या बी धरूनच चालल्या हुत्या, बाई. सकाळपासनं! आन् माझ्याकडं बगून त्यांना वाटत हुतं, ही काय खमकी बया, हिला लागतच न्हाई."

शेवटच्या चढाईबद्दल मात्र ती फारसं सांगत नाही. थंडी लई हुती, म्हणते. बाटलीतलं पाणी गोठू नये म्हणून बाटली जाकिटाच्या आत छातीशी धरली होती, एवढं सांगते. माझ्याकडे तिचा वरचा फोटो आहे. पाटीपाशी ती उभी आहे, डोळे सुजलेले, ओठ फुटलेले, आणि जाकिटावर कंडक्टरचा बिल्ला. एका हाताने तिने गाडीला दाखवतात तसा हात वर केलाय. निघताना तिने आपली गाडी मागे घेताना वाजवायची शिट्टी नीमाला दिली, आणि नीमाने ते छापील कापड हिला.

परतल्यावर ती आधी गावी गेली. उन्हाने फ्लेक्सवरचा तिचा चेहरा विटला होता, शुभेच्छुक मात्र शाबूत होते. भीमाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"वर काय हुतं?" त्यांनी विचारलं.

"बर्फ."

"आन्?"

"आन् काय न्हाई."

"मग येवढ्या लांब कशाला गेल्तीस?"

"पानी प्यायला," मोनिका म्हणाली आणि माठाकडे गेली.

हे सगळं लिहू का, असं मी तिला विचारलं. बायकांच्या अशा गोष्टी लिहायची आपल्याकडे रीत नाही. ती म्हणाली, "लिवा की, बाई. लाज वाटायची तवा लई वाटली. आता कुनाला तरी उपयोग होऊ द्या."

गेल्या महिन्यात मी पाथर्डीहून नगरला तिच्याच गाडीने आले. गाडीत उभं राहायला जागा नव्हती. करंजी आली आणि मोनिकाने दोरी ओढली, एकदाच. गाडी हॉटेलच्या बाजूला थांबली.

"दोन मिन्टं थांबंल गाडी," ती साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली. "मला जायचंय. कुना बायांना जायचं आसंल तर चला माझ्यासंगं. लाजू नका, म्होरं नगरपत्तोर थांबनार न्हाई."

"मोनिकाताई, टायमिंग!" कल्याण पुढून ओरडला.

"तुमच्या चहाला नसतंय व्हय टायमिंग, कल्याणभाऊ?"

गाडी हसली. क्षणभर कुणी हललं नाही. मग एक म्हातारी उठली. तिच्यामागे कॉलेजच्या दोन मुली, मग कडेवर लेकरू घेतलेली एक बाई. मीही उतरले. मोनिका तिकिटाची बॅग कल्याणच्या शेजारी ठेवून आमच्या पुढे चालत होती.

सध्या ती पाथर्डी–नगर गाडीवर असते. तिच्या सीटशेजारी दोन लिटरची बाटली ठेवलेली असते, आणि नगर येईपर्यंत ती निम्मी झालेली असते.